कालचं पाणी

तांड्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याची एकदा बदनामी झालेली आहे आणि ती माझ्या पत्रामुळे झाली. मुकुटबनच्या पुढे, झरी जामणीकडे जाणाऱ्या वाटेवर, पळसाच्या रानाला लागून तो आहे, एवढं पुरे.

मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत किरणोत्सर्ग मोजते. माती, पाणी, दूध, धान्य असं काहीबाही डब्यांत भरून येतं आणि त्यात कोणतं किरणोत्सारी द्रव्य किती आहे ते मी कागदावर लिहून देते. साधं मोजणीयंत्र नुसतं टिकटिकतं. किरणं आहेत एवढं सांगतं, कोणाची ते नाही. माझ्या यंत्रात जर्मेनियमचा स्फटिक असतो. भरल्या बाजारात आपण आपल्या माणसाचा आवाज ओळखतो, तसा तो प्रत्येक द्रव्य वेगळं ओळखतो आणि पडद्यावर ज्याच्या त्याच्या जागी एक सुळका उभा राहतो. अट एकच, स्फटिक भयंकर थंड लागतो. यंत्राचं शेपूट सतत द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडालेलं हवं. नायट्रोजन संपला की यंत्र गरम होतं, आणि एकदा गरम झालं की पुन्हा कामाला लागायला दीड-दोन दिवस घेतं.

या तांड्याच्या हातपंपाचं पाणी वर्षापूर्वी माझ्याकडे आलं होतं. त्यात राडॉन निघाला. राडॉन म्हणजे खडकातून पाण्यात उतरणारा किरणोत्सारी वायू; बंद डब्यातही तो काही दिवसांत आपोआप क्षीण होतो. डबा महिनाभर बंद ठेवून पुन्हा मोजला तेव्हा सुळके नाहीसे झाले होते. म्हणजे पाण्यात मुरलेलं दुसरं काही नव्हतं, नुसता वायू होता, आणि पाण्यात हवा खेळवली की तो उडून जातो. तेव्हा मी पत्र लिहिलं: हवा खेळवणारं यंत्र बसवावं, तोपर्यंत हे पाणी पिऊ नये. खाली सही ठोकली आणि पुढच्या डब्याकडे वळले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

यंत्र काही आलं नाही. फाइल फिरत राहिली. वर्षानं कोणीतरी कळवलं की पंपावरच ताजं पाणी मोजून नेमका आकडा द्या, बाटलीतून वाटेत वायू निसटतो. शुक्रवारी बैठक होती. त्या बैठकीत यंत्राचं काय ते ठरणार होतं, आणि पंपावरची बंदी कधी उठणार तेही. म्हणून मी आमचं छोटं, उचलून नेता येणारं यंत्र घेतलं आणि निघाले.

पांढरकवडा, मंगळवार

इथून पुढे गाडी नंदूभाऊंची. नंदूभाऊ पन्नाशीचे, पानानं ओठ कायम लाल, आणि गप्प बसणं हे त्यांना शिक्षा वाटतं. मला स्वस्थ बसणं शिक्षा वाटते, त्यामुळे आमचं जमलं. सकाळी हायवेवरच्या टपरीत तर्री-पोहे खाल्ले. पुण्यात पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर भुरभुरतात आणि खाणाऱ्याची प्रकृती जपतात. इथे पोह्यांवर झणझणीत रस्सा ओततात आणि पुढे काय होईल ते होईल. माझे डोळे वाहायला लागले तेव्हा नंदूभाऊंनी मायेनं आणखी एक पळी वाढून घ्यायला लावली.

यंत्राभोवती रचायच्या शिशाच्या विटा गाडीत चढवताना ते कमरेवर हात ठेवून थांबले.

"मॅडम, ह्या इटा सोन्याच्या तं नाहीत नं?"

"सोन्याच्या असत्या तर याहून जड असत्या."

"मंग सोनंच बरं," असं म्हणून त्यांनी उरलेल्या चढवल्या.

हायवे सोडण्याआधी एका नाक्यावर आम्हाला थांबवलं. नायट्रोजनच्या भांड्यातून पांढरा धूर येत होता, त्यामुळे हवालदारांचा संशय रास्तच होता. मी बूच काढून दाखवलं, स्फटिकाचं शास्त्र सांगायला सुरुवात केली. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग नंदूभाऊ मध्येच म्हणाले, "साहेब, म्हशीले सुई मारतेत नं, ते हाय." हवालदारांनी लगेच सोडलं. गावोगाव म्हशींच्या कृत्रिम रेतनाचा माल याच नायट्रोजनमध्ये गार ठेवतात, हे मला माहीत होतं, पण सुचलं नव्हतं.

पळस फुलला होता. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या होत्या आणि तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, उडत होतं. हे सगळं सुंदर होतं असं आज आठवून लिहिते. तेव्हा मी दर पाच-सात किलोमीटरला मागे वळून भांड्यात काठी बुडवून बघत होते. काठीवर जिथपर्यंत पांढरं दव धरतं, तिथपर्यंत नायट्रोजन आहे असं समजायचं.

"तुमी ज्या तांड्यावर चालल्या," नंदूभाऊ सांगू लागले, "तिथं पाण्यात रेडिएशन निंघालं म्हनतेत. पुण्याच्या कोन्या मॅडमनं चिठ्ठी लिवली अन् झालं. हापश्यावर लाल फुली. देवला राठोडनं वावराचा कोपरा देल्ला होता बोअरले. मोठा मान होता म्हाताऱ्याचा. आता लोक म्हनतेत, देवलाचं पाणी जहराचं हाय."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. ती मॅडम मीच, हे सांगायला तोंड उघडलं आणि तर्रीनं घसा बसल्याचं निमित्त करून मिटलं.

तांडा, बुधवार

रात्री मुकुटबनला मुक्काम करून सकाळी पोचलो तेव्हा हातपंपावर एक म्हातारा उभा होता. काटक, पांढरं धोतर, डोक्याला लाल पागोटं. एका हातानं दांडा मारत होता आणि दुसऱ्या हाताच्या ओंजळीत पाणी घेऊन पीत होता. पंपाच्या खांबावर लाल रंगाची हातभर फुली. वाटेवरून बायका डोक्यावर घागरी घेऊन चालल्या होत्या, लांबच्या एका शेतविहिरीवरून. त्या पंपाकडे न बघता पुढे गेल्या आणि म्हातारा त्यांच्याकडे बघत आणखी एक ओंजळ प्यायला.

"आव, बेस," तो मला बंजाऱ्यांच्या गोरबोलीत म्हणाला, आणि मग माझ्यासाठी मराठीत आला. "मोजाले आल्या नं? मोजा. याच पाण्यावर ह्या तांड्यातले लेकरं मोठे झाले. आता माह्या दारावरून घागरी चालल्या जातेत."

"बाबा, तुम्ही हे रोज पिता?"

"रोज सकायी. सगळ्यायच्या समोर. वरीस झालं. मेलो का मी?"

घोटभर राडॉननं कोणी मरत नाही, धोका वर्षानुवर्षांचा आणि तोही लहानसा असतो, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या पत्राला हा माणूस रोज सकाळी पोटातून उत्तर देत होता, आणि ते बघवत नव्हतं.

पंप बराच वेळ मारून, आतलं ताजं पाणी आल्यावर, बुडबुडा राहणार नाही असा डबा भरला. नियमच तसा आहे. बुडबुडा राहिला की वायू त्यात पळतो. समाजमंदिराच्या खोलीत शिशाच्या विटा रचल्या, आत यंत्र ठेवलं. डबा बंद केल्यावर तीन तास थांबावं लागतं, मग मोजणी सुरू करायची. तीही तासन् तास चालते. या वेळात माणसानं काय करावं ते आमच्या पुस्तकांत लिहिलेलं नाही. मी खोलीला अकरा फेऱ्या मारल्या, बाहेर आले, आत गेले, काठी बुडवली, दव बघितलं, पुन्हा बाहेर आले.

"ताई, बसा न घडीभर. पाय दुखत नाहीत का तुमचे?"

ही सरू, पंपावरच्या त्या म्हाताऱ्याची, म्हणजे देवलाबाबांची, सून. तिनं जेवायला वाढलं होतं: ज्वारीची बाटी, म्हणजे आपली भाकरीच, पण हातभर मोठी, ठेचा आणि वांग्याची भाजी. जेवण झाल्यावर तांब्या पुढे केला.

"घ्या. कालचंच हाय."

माझा हात थांबला. आमच्या घरी सकाळी नळ आला की पहिलं काम कालचं पाणी मोरीत ओतणं. शिळं पाणी पाहुण्याला द्यायचं म्हणजे अपमान. माझी आई तर शेजारणीकडे कालचं पाणी असतं असं कुजबुजून सांगायची. मी म्हटलं, "ताजं नाही का?"

सरूला हसू आलं. "ताजं कोन पेते? पोटात दुखते त्यानं."

"कशानं?"

"आवो, हापश्याचं पाणी लोखंडाच्या वासाचं. भरलं तवा साफ दिसते, रातभर ठेवलं का खाली लाल गाळ बसते. म्हून आमी आंगनात उतरवत होतो. आता विहिरीचं आनतो, त्यात लाल नाही, पन हाताले सवय पडली, राह्यत नाही."

"उतरवत होतो म्हणजे काय? दाखव बरं."

तिनं दाखवलं. विहिरीच्या पाण्याची एक घागर खांद्याच्याही वर उचलली आणि खाली ठेवलेल्या दुसऱ्या घागरीत, तोंडाला बांधलेल्या दुहेरी फडक्यातून, बारीक धारेनं ओतली. मग ती दुसरी उचलून पहिलीत. असं तीनदा. पाणी फडक्यावर आपटून फेसाळत होतं. नंतर ते रुंद तोंडाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, ओतून वर नुसतं फडकं टाकलं.

"झालं. आता उद्या पेवाचं. माही सासूबी असंच करे, तिची सासूबी. पयले लोखंडाच्या पाण्याची बावडी होती नं इथं, तवापासून."

पाण्यात हवा खेळवण्यासाठी मी पत्रात यंत्र मागितलं होतं. ते यंत्र म्हणजे काय? पाणी उंचावरून पाडायचं, त्याचे थेंब करायचे, हवेशी गाठ घालायची, थोडं उघडं ठेवायचं. ते यंत्र या अंगणात सासूकडून सुनेकडे चालत आलं होतं, आणि ते चालू असताना, ते बसेपर्यंत पाणी पिऊ नका असं मी लिहून पाठवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा मी घातलाच, पण तो वळसा रोज डोक्यावर घागर घेऊन या बायकांना घालायला लावला. मी मोजलं ते बरोबर मोजलं होतं. फक्त, जे मोजलं ते या तांड्यात कोणीच पीत नव्हतं.

मग आठवलं की एक माणूस पीत होता. तांड्याला दाखवायला म्हणून.

नुसतं वाटून चालत नाही, मोजावं लागतं. मी सरूला म्हटलं, "असंच पंपाचं पाणी उतरवून ठेवशील? उद्या मी तेही मोजते."

फुली पडल्यापासून तिच्या घरच्याही घागरीनं तो पंप शिवला नव्हता. "बाबा एकटेच पेतेत," ती खाली बघत म्हणाली. "माह्या लेकरासाठी मीबी विहिरीवर जाते. त्यायच्या समोरून." मग तिनं पदर खोचला आणि घागर घेऊन निघाली. दुपार कलली होती. वाटेवरच्या दोघी-तिघी बायका थांबून बघत राहिल्या.

ताज्या पाण्याचा सुळका तोवर पडद्यावर चांगला उंच झाला होता. उद्या उतरवलेल्या पाण्याची मोजणी, तेवढाच वेळ, त्याच डब्यात. परवा बैठक. सगळं बसत होतं, म्हणून मी निर्धास्त झाले असते, पण तेवढ्यात बाहेरून नंदूभाऊंची हाक आली.

"मॅडम, गाडी पेटून राह्यली."

त्यांनी गाडी सावलीत घेताना चाक चरात गेलं आणि मागे ठेवलेलं नायट्रोजनचं मोठं भांडं आडवं झालं. त्याचं बूच सैलच ठेवावं लागतं. गाडीतून पांढरे लोट निघत होते. मी धावत पोचेपर्यंत नंदूभाऊंनी सरूच्या अंगणातल्या दोन घागरी उचलून त्यावर रित्या केल्या होत्या. पाण्यानं नायट्रोजन आणखी उसळला, धूर दुप्पट झाला, आणि नंदूभाऊ तिसरी घागर शोधायला लागले. मी त्यांना धरून थांबवलं. धूर निवळला तेव्हा भांड्यात काठी कोरडी निघाली. यंत्रात होता तेवढाच नायट्रोजन उरला, आणि तो सकाळपर्यंत पुरणार नव्हता.

मी नंदूभाऊंवर ओरडले. लांबच्या विहिरीवरून आणलेलं पाणी वाया घालवलं म्हणून सरूनंही त्यांना दोन शब्द सुनावले. ते बिचारे पागोटं काढून बसलेल्या देवलाबाबांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "मले काय माईत, हे बिना आगीचं जळते म्हून."

यंत्र गरम झालं तर उद्याची मोजणी नाही. बैठकीत माझा ताज्या पाण्याचा उंच आकडा तेवढा जाईल, आणि हवा खेळवणारं यंत्र येईपर्यंत, म्हणजे देव जाणे कधीपर्यंत, फुली तशीच राहील. मी डोकं धरून उभी होते तेव्हा नाक्यावरची म्हैस आठवली.

मुकुटबनला मडावी म्हणून एकजण मोटारसायकलवर हिंडून जनावरांचं रेतन करतात. नंदूभाऊंना त्यांचं घर ठाऊक होतं. दिवस मावळायच्या आत आम्ही त्यांच्या ओट्यावर होतो. मडावी बारीक चणीचे, बोलायला सावकाश. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मी बोलत असताना माझा पाय हलत होता तोही बघितला.

"म्हंजे तुमचा मालबी गरम झाला का कामातून गेला?"

"हो."

"माह्यंबी तसंच हाय. उद्या दोन म्हशी माजावर हायेत." त्यांनी आपल्या भांड्यात काठी बुडवली, माझ्यासारखीच, आणि दवाकडे बघितलं. "अर्धा घेऊन जा. म्हशी थांबत नाहीत, पन अर्ध्यात भागते माह्यं. कोनाचं पाणी मोजता?"

"देवला राठोडांचं."

त्यांनी आणखी थोडा ओतला.

तांडा, गुरुवार

सकाळी गंजातलं पाणी काचेसारखं निवळलेलं, तळाला विटकरी गाळ. वरचं पाणी हलकेच डब्यात घेतलं, झाकण लावलं. पुन्हा तीन तास. पुन्हा मोजणी. या वेळी मी फेऱ्या मारल्या नाहीत. पडद्यासमोर बसले आणि दर मिनिटाला वाटायचं, आता उगवेल, आता उगवेल. कालच्या सुळक्याच्या जागी किरकोळ एक उंचवटा दिसत होता, गवतात ढेकूळ असावं एवढा. दुपारपर्यंत तो तेवढाच राहिला.

सरू मागे उभी होती. तिला मी काही समजावलं नाही. तिनं कालचं चित्र बघितलं, आजचं बघितलं.

"डोंगर गेला," ती म्हणाली.

मी समाजमंदिरासमोर सगळ्यांना बोलावलं. दोन्ही चित्रं दाखवली. पंपाच्या पाण्यात वायू आहे, तो तुमच्या उतरवण्यानं आणि रात्रभर ठेवण्यानं जातो, उतरवायचं ते अंगणातच, बंद खोलीत नाही, हे सांगितलं. उद्याच्या बैठकीत मी हेच लेखी देणार आहे, हेही सांगितलं. मग श्वास घेतला आणि म्हणाले, "वर्षापूर्वीचं पत्र मीच लिहिलं होतं. पाणी कसं पिता ते मी विचारलं नव्हतं. माझं चुकलं."

नंदूभाऊंनी चमकून माझ्याकडे बघितलं. बायकांत कुजबुज झाली. त्यांच्यातली एक वयस्क बाई, कपाळावर गोंदण असलेली, शांतपणे म्हणाली, "मंग वरीसभर आमी पाणी कायले वाह्यलं?"

मी मान खाली घातली. ती उठून घरी गेली. मला वाटलं संपलं. पण ती रिकामी घागर घेऊन परत आली, सरळ पंपाकडे गेली आणि दांडा मारायला लागली. तिच्यामागे सरू. मग आणखी दोघी. अंगणाअंगणात पाणी उंचावरून पडल्याचा आवाज यायला लागला.

देवलाबाबा ओट्यावर बसून बघत होते. मी विटा भरल्या, यंत्र गाडीत ठेवलं आणि निरोप घ्यायला त्यांच्याजवळ गेले. त्यांना सांगायचं राहिलं होतं ते सांगितलं: "बाबा, तुम्हीही आता उतरवलेलंच प्या. ताजं पिऊ नका."

त्यांना समजायला एक क्षण लागला. "म्हंजे सगळे बराबर पेत होते. अन् वरीसभर मीच एकटा चुकीचं पेलो? बोअर चांगला हाय, हे दाखवासाठी?"

"हो, बाबा."

ते पंपाभोवतीच्या बायकांकडे बघत राहिले. डोळे भरले होते. ते कशानं, हे विचारायचा मला हक्क नव्हता. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "चिठ्ठी केवढी होती तुमची?"

"एक पान."

"त्यात हे कालच्या पाण्याचं नव्हतं?"

"नाही. मला माहीतच नव्हतं."

"इचारलं असतं त सांगतलं असतं," देवलाबाबा म्हणाले.

ते हे रागानं म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.